आधी कंजूष, मग धीट

आमच्या नंदुरबार-शहादा भागात पत्ते हातात येतात ते आखाजीला. अक्षय्य तृतीयेला लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात, आणि पुरुषमंडळी पारावर, खळ्यात नाहीतर कुणाच्या तरी ओट्यावर डाव मांडतात. एरवी वर्षभर पत्त्यांना हात न लावणारा माणूसही त्या दिवशी बसतो. वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या सालदाराचं सालही आखाजीलाच संपायचं. हिशेब व्हायचा, हातात रोकड यायची, आणि तीन पत्तीत किंवा झन्नामन्नात ती पहाटेपर्यंत दुसऱ्याच्या खिशात गेलेली मी लहानपणी पाहिली आहे. तो माणूस पुढच्या सालाची उचल घेऊन घरी जायचा. या चालीरीतीचं कौतुक मला करवत नाही. तिच्यातून खेळण्याची जी सवय अंगात मुरते, ती पुढे पोकरच्या टेबलावर फार महाग पडते. आता आमच्याकडची कॉलेजातली मुलंही पोकर शिकू पाहतात, म्हणून हे लिहितो आहे.

पुण्यात नोकरीला असताना खोलीवरच्या मित्रांनी मला लिमिट होल्डेम शिकवला. पैशांऐवजी चिंचोके असायचे. प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात, मग मध्ये तीन पत्ते उघडतात तो फ्लॉप, चौथा टर्न, पाचवा रिव्हर; पत्ते वाटल्यावर आणि या प्रत्येक टप्प्यावर चालीची एक फेरी होते. लिमिटमध्ये चालीचा आकडा ठरलेला असतो. आमच्याकडे पहिल्या दोन फेऱ्यांत 2 चिंचोक्यांची चाल, शेवटच्या दोन फेऱ्यांत 4 ची. एका फेरीत एक चाल आणि तिच्यावर तीन वाढी, त्यापुढे कुणाला जाता येत नाही. म्हणजे कितीही चढाओढ झाली तरी एका डावात 8, 8, 16 आणि 16 मिळून 48 च्या वर कुणाचे जात नाहीत. नवख्याला वाटतं, यात धोका कसला? धोका हा, की एका डावात कुणी बुडत नाही, त्यामुळे आपण चुकतोय हे कळतच नाही. रात्रभर दोन-दोन, चार-चार करत थैली रिकामी होते आणि माणूस पत्त्यांना दोष देतो.

तीन पत्तीत वाढलेला माणूस पहिल्यांदा अडकतो तो पत्त्यांच्या किमतीतच. तिथे सिक्वेन्स, म्हणजे ओळीने लागणारे पत्ते, कलरच्या, म्हणजे एकाच रंगाच्या पत्त्यांच्या, वर असते, पोकरमध्ये कलर सिक्वेन्सच्या वर. हा लहरी फरक नाही. बावन्न पत्त्यांतून तीन उचलले तर साधी सिक्वेन्स 720 प्रकारे बनते आणि कलर 1096 प्रकारे, म्हणून सिक्वेन्स दुर्मीळ. पाच पत्त्यांत सिक्वेन्स 10,200 प्रकारे आणि कलर 5,108 प्रकारे, म्हणून तिथे कलर मोठा. हे पाठ करायला एक संध्याकाळ पुरते. मोडायला वर्षं लागतात ती ब्लाइंडची सवय. तीन पत्तीत पत्ते न बघता खेळणाऱ्याला निम्म्या पैशांत चाल मिळते, वर त्याच्या धाडसाची वाहवा होते. ‘बघू तर खरं’ हे त्या खेळात चालून जातं. लिमिट पोकरमध्ये हेच तीन शब्द माणसाला बुडवतात.

कारण त्या टेबलावर मी एकाच माणसाच्या दोन तऱ्हा वारंवार पाहिल्या, आणि कितीतरी काळ तो माणूस मीच होतो. डावाच्या सुरुवातीला तो शूर असतो: राजा-चौकी एकाच रंगाची आहे, बघू, गुलाम-सत्ती आहे, बघू. आणि डाव मोठा झाला, मध्ये चाळीसेक चिंचोके साठले, की भित्रा होतो. बदामाचं तिसरं पान पडलं, समोरच्याने चाल केली, की हातातली चांगली जोडी टाकून देतो. जिथे कंजुषी हवी तिथे उदार आणि जिथे छाती हवी तिथे कंजूष. लिमिटमध्ये आक्रमकपणा आणि सावधपणा यांचा तोल साधायचा म्हणजे दोन्ही थोडे थोडे मिसळायचे असं बहुतेकांना वाटतं. मला ते पटत नाही. सावधपणाची जागा डावात शिरण्याआधी आहे. शिरल्यावर आक्रमक व्हायचं.

शिरण्याआधीचं आधी सांगतो. दोन पत्ते एका रंगाचे दिसले की तीन पत्तीवाल्याचा जीव हरखतो. पण एकाच रंगाचे दोन पत्ते हातात असताना फ्लॉपवरच पुरा कलर लागण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी आहे. कलरला एक पान कमी अशी स्थितीसुद्धा साधारण नऊ वेळांत एकदा येते. हातात जोडी सतरा डावांत एकदा येते, एक्क्यांची जोडी 221 डावांत एकदा. म्हणजे बहुतेक वेळ पत्ते टाकण्यातच जायला हवा. नऊ जणांच्या टेबलावर पाच-सहा डावांत एकदा खेळलात तर ते कमी नाही. तुम्ही शेवटी बोलणार असाल तर थोडे हलके पत्तेही चालतात, कारण बाकीच्यांनी काय केलं ते दिसलेलं असतं. पहिले बोलणार असाल तर एक्का-दश्शीसारखा दिसायला देखणा हातही मी टाकतो. टाकताना कंटाळा येतो, आणि टेबलावरचे चिडवतातही. चिडवू द्यावं.

आता शिरलात, तर वाढवा. नुसतं जुळवून घेत मागे मागे जाणारा खेळाडू लिमिटमध्ये सर्वांत आधी संपतो. समजा, फ्लॉपवर तुमच्याकडे सगळ्यात मोठी जोडी लागली आहे आणि मध्ये 14 चिंचोके आहेत. उजवीकडच्याने 2 ची चाल केली, डावीकडे अजून तिघे बोलायचे आहेत. तुम्ही नुसते 2 टाकलेत तर मध्ये 18 होतात आणि पुढच्याला 2 भरून 18 वर डोळा ठेवता येतो, नऊपट. तुम्ही 4 केलेत तर मध्ये 20 आणि त्याला 4 भरावे लागतात, पाचपट. मधलं एकच पान लागून सिक्वेन्स बनेल अशा आशेवरच्या माणसाला उरलेल्या 47 पत्त्यांतली चारच उपयोगी असतात. पाचपटीत त्याचा सौदा तोट्याचा ठरतो. कलरची आशा असणाऱ्याला नऊ पत्ते उपयोगी असतात, तो पाचपटीतही हलणार नाही आणि त्याने हलूही नये. लिमिटमध्ये त्याला हुसकावता येत नाही. त्याचं पान लागलं तर त्याच्यावर रागवायचं नाही; तो बरोबर खेळला आणि तुम्हीही.

कलरची आशा तुमची असेल आणि तुम्ही शेवटचे बोलणारे असाल, तरीही फ्लॉपवर वाढवून पाहा. 2 जास्त जातात, पण पुष्कळदा टर्नला सगळे तुमच्या तोंडाकडे बघत चाल सोडून देतात. मग तुम्हीही सोडायची आणि रिव्हरचं पान फुकट बघायचं. 2 घालून 4 वाचले. बाहेरून बघणाऱ्याला हे धाडस वाटतं, पण ही निव्वळ काटकसर आहे.

रिव्हरचं मला फार कळकळीने सांगायचं आहे, कारण माझे सर्वाधिक चिंचोके तिथे गेले आणि ते जाताना मला मी शहाणा वाटत होतो. मध्ये 28 आहेत, समोरच्याची चाल धरून, आणि तुम्हाला 4 भरायचे आहेत. आठ वेळांत एकदा जरी तुमचा हात वर निघाला तरी हिशेब बरोबरीत सुटतो. ‘बहुतेक हरलोच आहे’ एवढ्यावर पत्ते टाकणं म्हणजे पदरचं सोडणं. बहुतेक हरत असाल, तरीही भरा. सात वेळा मान खाली घालून 4-4 देणं मनाला लागतं. एकदा टाकलेला जिंकता डाव मात्र दिसतच नाही, म्हणून तो लागत नाही.

जानेवारी 2015 मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी दोघांचा लिमिट होल्डेम संगणकाकडून जवळजवळ पूर्ण सोडवून घेतल्याचं जाहीर केलं. त्या प्रोग्रामचं नाव सेफियस. पहिली चाल त्याची असते तेव्हा तो वाढवतो किंवा पत्ते टाकतो. ‘बघू तर खरं’ म्हणून नुसते पैसे जुळवणं तो जवळपास कधीच करत नाही. दोघांच्या खेळात पत्ते पुष्कळ हलके चालतात, त्यामुळे त्याची निवड नऊ जणांच्या टेबलावर जशीच्या तशी उचलू नका. ही एक सवय मात्र उचला.

पैशांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं, तेव्हा तीन पत्तीला त्या रांगेत बसवलं नाही. पोकरबद्दल वाद होत राहिले. पण ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदीचा कायदा केला, आणि त्यात खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा भेदच ठेवला नाही. त्यामुळे कुणी मोबाइलवर पैसे लावायला बोलावत असेल तर जाऊ नका. गोव्यात मांडवीवरच्या कॅसिनो बोटींवर टेबलं आहेत, पण तिथे बहुतेक नो-लिमिट चालतो. तिथे एका डावात समोरची सगळी रास जाऊ शकते, आणि लिमिटमधल्या माझ्या या सांगण्यातलं निम्मं तिथे लागू पडत नाही.

शिकायचं असेल तर घरीच बसा, चिंचोके घ्या आणि जवळ एक वही ठेवा. तिच्यात दोन रकाने करा. एकात किती डावांत स्वतःहून शिरलात ते, दुसऱ्यात रिव्हरला मध्ये किती होते, किती भरायचे होते आणि तुम्ही काय केलंत ते. शंभर डाव झाल्यावर पहिल्या रकान्यातला आकडा तिसाच्या वर असेल, तर दुसरा रकाना सध्या वाचूच नका. पुढचे शंभर डाव फक्त पत्ते टाकायचा सराव करा.