मोबाइलवर मिळणारं पिल्लू : विकत घेण्याआधी विचारायचे प्रश्न



वाढदिवस जवळ आला की मुलं हट्ट धरतात, "मला कुत्र्याचं पिल्लू हवं!" पूर्वी ओळखीच्या घरी कुत्री व्याली की तिथून पिल्लू मागून आणायचे. त्याची आई समोर दिसायची, घर माहितीचं असायचं. आता मोबाइल उघडला की फोटो, किंमत आणि 'घरपोच मिळेल' एवढंच दिसतं. विकणारा कोण, पिल्लू किती दिवसांचं, त्याची आई कुठे आहे, याचा पत्ता नसतो.

नियम आहेत का?

हो, आहेत. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी 2017 चे नियम आहेत. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी 2018 चे नियम आहेत आणि त्यांत ऑनलाइन विक्रीसुद्धा धरलेली आहे. विकणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणं बंधनकारक आहे. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. यामागे साधं कारण आहे. आईच्या दुधातून पिल्लाला रोगाशी लढण्याची ताकद मिळते. फार लवकर तोडलेलं, लस न दिलेलं पिल्लू पार्व्होसारख्या आजाराने दोन-चार दिवसांत दगावू शकतं. मग घरातलं मूल रडत बसतं आणि विकणाऱ्याचा फोन बंद लागतो.

मग अडतं कुठे?

दुकानाला पाटी असते, तिथे जाऊन तपासणी करता येते. ऑनलाइन विक्रेता मात्र एक खातं बंद झालं की दुसरं उघडतो. शिवाय 1960 च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड आहे फक्त 10 ते 50 रुपये! एवढ्या दंडाला कोण घाबरणार?

काय बदलायला हवं?

1. नोंदणी क्रमांक नसलेली जाहिरात ॲप किंवा संकेतस्थळाने स्वीकारूच नये. तो क्रमांक खरा आहे का, हे तपासण्याची जबाबदारीही त्यांचीच असावी.
2. नोंदणीकृत विक्रेत्यांची यादी कुणालाही मोबाइलवर पाहता यावी.
3. दंडाची रक्कम आजच्या काळाला साजेशी असावी.

हे अशक्य नाही. इंग्लंडमध्ये परवानाधारक विक्रेत्याला जाहिरातीत परवाना क्रमांक द्यावा लागतो. तिथे 6 एप्रिल 2020 पासून सहा महिन्यांपेक्षा लहान कुत्र्या-मांजरांची पिल्लं मध्यस्थ व्यापाऱ्याला विकता येत नाहीत.

वर्गात काय घेता येईल?

परिसर अभ्यासाच्या तासाला फळ्यावर एक काल्पनिक जाहिरात लिहा : 'गोंडस पिल्लू, वय 30 दिवस, किंमत 15,000 रुपये.' या जाहिरातीत काय चुकलं आणि काय लिहिलेलंच नाही, हे मुलांना गटात शोधू द्या. मग गणित घाला : 50 रुपये दंड हा या किमतीचा कितवा भाग? उत्तर येतं तीनशेवा. दंड वाढायला का हवा, हे मुलं आपणहून सांगतील.

याच तासाला पोपटाबद्दलही बोला. आपला हिरवा पोपट आणि पाठीवर चांदण्या असलेलं कासव यांना 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. त्यांची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. अशी जाहिरात दिसली तर महाराष्ट्रात वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवता येतं.

पालकहो, घरी पिल्लू आणायचं ठरलंच तर तीन गोष्टी नक्की विचारा : नोंदणी क्रमांक काय? लसीकरणाचं कार्ड आहे का? आईसोबत असताना पिल्लू बघायला येऊ का? यावर विकणारा टाळाटाळ करू लागला, तर पैसे पाठवू नका. जाहिरातीचा फोटो काढून ठेवा आणि जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक समितीकडे तक्रार करा. दयाबुद्धीने एक पिल्लू विकत घेऊन 'सोडवलं', तर त्याच्या जागी विकायला दुसरं येतं. तक्रार केली तर निदान त्या विक्रेत्याची नोंद तरी होते.

तुमच्या वर्गातल्या मुलांनी कोणते प्रश्न काढले, ते जरूर कळवा.