पूर ओसरल्यानंतरचा ताप

पूरग्रस्तांना मदत म्हणजे धान्य, कपडे, चादरी असे आपण समजतो. मीही तसेच समजत असे. फिलिपाइन्सचा अनुभव मात्र वेगळे सांगतो. २६ सप्टेंबर २००९ रोजी ‘ओंडॉय’ वादळाने मनिलात २४ तासांत सुमारे ४५५ मि.मी. पाऊस पाडला. आठवडाभरातच ‘पेपेंग’ हे दुसरे वादळ देशाच्या उत्तर भागावर आदळले. मनिलाच्या वस्त्यांत पाणी साचून राहिले आणि लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईनेही हाच आजार पाहिला.

उंदरांच्या मूत्रातील जंतू पाण्यात मिसळतात व पायाच्या जखमांतून शरीरात शिरतात. ताप २ ते ३० दिवसांनी येतो. तोवर मदतीच्या गाड्या परतलेल्या असतात. म्हणून मदतीत शुद्ध पाणी, गमबूट, मलमपट्टी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावयाच्या डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्याही हव्यात.

पुराच्या पाण्यातून चालल्यानंतर ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर दुखणे अंगावर काढू नका. लघवी कमी झाली किंवा कावीळ दिसली, तर ताबडतोब रुग्णालय गाठा. ‘पुराच्या पाण्यातून चाललो होतो’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. तेवढ्या एका वाक्याने निदान लवकर होऊ शकते.