पडदा मोठा, वाट अरुंद

गेल्या वर्षी शाळा सुरू होऊन थोडेच दिवस झाले असतील. तालुक्याच्या गावातील एका विज्ञानशिक्षकांचा मला फोन आला. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून शाळेला २७ इंची मॉनिटर घेऊन दिला होता. खोक्यावर ३८४० × २१६० असे ठळक छापलेले. म्हणजे पडद्यावर आडव्या ओळीत ३८४० चित्रबिंदू आणि अशा ओळी २१६०. शाळेच्या लॅपटॉपला तो जोडला, तर चित्र फुगीर आणि पुसट! अक्षरांच्या कडा जणू उंदराने कुरतडलेल्या. माल सदोष निघाला तर सात दिवसांत परत आणा, असे दुकानदाराने सांगितले होते आणि त्यातले पाच दिवस उलटून गेले होते.

"परत करून टाकू का?" शिक्षकांनी विचारले.

"सर, दोष मॉनिटरचाच आहे हे आधी ठरू तर द्या. मी उद्या येतो," मी म्हटले.

शाळेच्या लॅपटॉपवर लिनक्स ही कार्यप्रणाली आहे. कोणीतरी त्यांना सांगितले, की लिनक्स पुसून पुन्हा नव्याने भरा. त्यात त्यांची एक अख्खी दुपार गेली आणि चित्र होते तसेच राहिले. हा सल्ला आपल्याकडे फार लवकर दिला जातो. ताप आला म्हणून कोणी घर पाडून पुन्हा बांधत नाही!

मी गेल्यावर सर्वांत आधी एकच गोष्ट पाहिली. लॅपटॉप त्या पडद्यावर किती बिंदूंचे चित्र पाठवीत आहे? लिनक्समध्ये यासाठी एक आज्ञा आहे, एक्सरँडआर. इंग्रजीतील एक्स, आर, ए, एन, डी आणि आर ही सहा छोटी अक्षरे ओळीने लिहावयाची. ही आज्ञा दिली की जोडलेल्या प्रत्येक पडद्याला कोणकोणती मापे चालतील याची यादी समोर येते. चालू असलेल्या मापापुढे तारकाचिन्ह असते आणि मॉनिटरला जे माप सर्वांत मानवते त्यापुढे अधिकचिन्ह. (वेलँड नावाची नवी चित्रव्यवस्था चालू असेल तर या आज्ञेवर फारसे विसंबू नये. तेथे सेटिंग्जमधील डिस्प्ले हे पान उघडावे.) आमच्या यादीत सर्वांत मोठे माप होते १०२४ × ७६८! ३८४० चा मागमूसही नव्हता.

हा आकडा पाहिला आणि माझा निम्मा प्रवास वाचला. असे का, ते सांगतो.

मॉनिटर आणि लॅपटॉप जोडले की चित्र पाठविण्यापूर्वी त्यांची एकमेकांशी ओळख व्हावी लागते. मॉनिटरच्या आत एका छोट्या स्मृतीत त्याची जन्मपत्रिकाच लिहिलेली असते. तिला ईडीआयडी म्हणतात. तिची पद्धत १९९४ साली ठरली. मूळ पत्रिका अवघ्या १२८ बाइटांची, म्हणजे ० ते २५५ यांमधील १२८ संख्यांची. नव्या मॉनिटरांत तिला पुरवण्या जोडलेल्या असतात. निर्मात्याची तीन अक्षरी खूण, पडद्याची लांबीरुंदी सेंटिमीटरमध्ये, चालणारी मापे, असे सारे त्यात असते. लॅपटॉप ती वाचतो आणि मगच कोणते चित्र पाठवावयाचे ते ठरवितो.

गंमत अशी, की ही पत्रिका आणि प्रत्यक्ष चित्र एकाच तारेतून येत नाहीत. एचडीएमआय केबलच्या टोकाला १९ पिना असतात. चित्र काही पिनांवरून जाते, पत्रिका १५ आणि १६ क्रमांकाच्या पिनांवरून येते, आणि 'कोणीतरी जोडले गेले आहे' एवढीच सूचना १९ क्रमांकाच्या पिनेवरून मिळते. आता समजा, १५ व्या किंवा १६ व्या पिनेचा स्पर्श नीट होत नाही. मग लॅपटॉपला दारावरची थाप तर ऐकू येते, पण पाहुण्याचे नावगाव कळत नाही. अशा वेळी काही लॅपटॉप मॉनिटर जोडलेलाच नाही असे धरून चालतात. काही मात्र जुन्या काळापासून बहुतेक पडद्यांना चालणारी मापे पाठवून देतात, आणि लिनक्समध्ये त्यांतील मोठे माप आहे १०२४ × ७६८. म्हणजे हा आकडा दिसला की मॉनिटरच्या काचेवर संशय घेण्याआधी ओळखीच्या तारेवर घ्यावा.

पत्रिका खरोखरच आलेली नाही हे पडताळून पाहण्याची सोय लिनक्समध्ये उत्तम आहे. यंत्राच्या प्रत्येक भागाची माहिती तेथे फाइलीच्या रूपाने मिळते. सिस नावाच्या फोल्डरमध्ये क्लास, त्यात डीआरएम, आणि त्याच्या आत लॅपटॉपच्या प्रत्येक खाचेच्या नावाचे एकेक फोल्डर. त्यात ईडीआयडी नावाची फाइल असते. आमची फाइल रिकामी होती!

मॉनिटर जोडला होता तो भिंतीतून नेलेल्या लांबलचक केबलने. ती पूर्वी प्रोजेक्टरसाठी घातलेली, आणि मध्ये एक सांधाही होता. ती काढली आणि मॉनिटरच्या खोक्यातून आलेली छोटी केबल लावली. बाकी कशालाही हात लावला नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी हे पथ्य येथे फार महत्त्वाचे. दोन बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही. पडदा क्षणभर काळा झाला आणि मग असे लखलखीत चित्र उमटले, की वर्गात टाळ्याच पडल्या.

आता फाइलीत संख्या आल्या होत्या. त्या खऱ्या कशावरून? त्यासाठी पत्रिकेतच एक सुंदर युक्ती करून ठेवली आहे. शेवटची, म्हणजे १२८ वी संख्या अशी निवडलेली असते, की सर्व १२८ संख्यांची बेरीज केली तर तिला २५६ ने नि:शेष भाग जावा. उदाहरणार्थ, पहिल्या १२७ संख्यांची बेरीज ९,३२१ आली असे समजा. २५६ ने भागल्यास बाकी १०५ उरते; तर शेवटची संख्या २५६ − १०५ = १५१ असली पाहिजे. वाटेत एखादी संख्या बदलली तर हा ताळा चुकतो आणि लिनक्स आपल्या नोंदवहीत तशी तक्रार लिहून ठेवते. आमच्या पत्रिकेचा ताळा बरोबर जुळला. मॉनिटर परत न करण्याचे एक कारण हाती आले.

पण प्रकरण येथे संपले नाही. नववीतील एक मुलगी माउस हलवून पाहत होती. ती म्हणाली, "सर, लॅपटॉपवर बाण सरकतो, पण ह्या पडद्यावर तो उड्या मारतोय."

तिचे निरीक्षण अगदी खरे होते, आणि टाळ्यांच्या नादात ते माझ्याही नजरेतून सुटले होते. पडद्यावरील चित्र दर सेकंदाला ठरावीक वेळा नव्याने पाठविले जाते. नेहमी ते ६० वेळा जाते. यादीत मात्र ३८४० × २१६० पुढे ३० हाच आकडा होता. म्हणजे बाणाची नवी जागा दर ३३ सहस्रांश सेकंदांनी दिसणार; डोळ्याला ते अडखळणे जाणवते.

मग हा मॉनिटर ६० वेळा चित्र दाखवूच शकत नाही काय? पुन्हा पत्रिकाच विचारू या. तिच्यातील ५५ वी आणि ५६ वी संख्या मिळून मॉनिटरला हवा असलेला बिंदूंचा वेग सांगतात. आमच्याकडे त्या होत्या ८ आणि २३२. दुसरीला २५६ ने गुणून पहिली मिळवावयाची: २३२ × २५६ + ८ = ५९,४००. एकक १० किलोहर्ट्‌झ. म्हणून वेग झाला ५९४ मेगाहर्ट्‌झ, अर्थात सेकंदाला ५९ कोटी ४० लाख बिंदू.

हा आकडा कोठून आला? ३८४० × २१६० म्हणजे ८२,९४,४०० बिंदू. त्याला ६० ने गुणले तर सुमारे ४९ कोटी ७७ लाख होतात. उरलेले बिंदू कोठे गेले? याचे उत्तर जुन्या काचनळीच्या दूरदर्शन संचांत आहे. तेथे इलेक्ट्रॉनांचा झोत एक ओळ रंगवून झाली की मागे फिरे, आणि सगळा पडदा झाला की पुन्हा वर जाई. त्या परतीच्या वेळेत चित्र पाठवीत नसत. आताच्या सपाट पडद्यांत झोत नाही, पण ती मोकळी वेळ राहिली. एचडीएमआय तिच्यातून आवाज पाठविते. ही मोकळी जागा धरून चित्र होते ४४०० × २२५० चे, म्हणजे ९९ लाख बिंदूंचे. साठने गुणा आणि पाहा. ५९ कोटी ४० लाख!

सन २००९ मधील एचडीएमआय १.४ या आवृत्तीची मर्यादा आहे ३४० मेगाहर्ट्‌झ. २०१३ मध्ये आलेल्या २.० ची आहे ६००. शाळेच्या लॅपटॉपवरील खाच १.४ ची निघाली. तिच्यातून ५९४ कसे जाणार? अर्धे, म्हणजे २९७ तेवढे जाते, आणि म्हणून ६० च्या जागी ३०. मॉनिटर निर्दोष, केबल निर्दोष, लिनक्सही निर्दोष. वाटच अरुंद होती. (कधी याच्या उलट असते. लॅपटॉप नवा, पण मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत एचडीएमआयची आवृत्ती १.४ वर ठेवलेली. तेही एकदा पाहून घ्यावे.)

सुदैवाने लॅपटॉपला यूएसबी-सी ची खाचही होती आणि तिच्यातून डिस्प्लेपोर्ट पद्धतीचे चित्र निघत होते. शिक्षकांच्या कपाटात एक जोडपेटी होती: एका टोकाला यूएसबी-सी, दुसऱ्या बाजूला एचडीएमआय आणि पेनड्राइव्हसाठी वेगवान खाचा. मोठ्या आशेने ती लावली. पुन्हा ३०!

येथेही गणितच कामी येते. यूएसबी-सी मध्ये वेगवान अशा चार वाटा असतात. या जोडपेटीने त्यांतल्या दोन पेनड्राइव्हसाठी राखून ठेवल्या होत्या. चित्राला उरल्या दोन. डिस्प्लेपोर्ट १.२ मध्ये एका वाटेवरून सेकंदाला ५.४ अब्ज बिट जातात. त्यांतील दर १० बिटांत ८ खऱ्या माहितीचे आणि २ वाहतुकीच्या शिस्तीसाठी. म्हणून दोन वाटांवरून खरी माहिती जाणार ८.६४ अब्ज बिट आणि चारांवरून १७.२८ अब्ज. आपल्या चित्राला लागतात किती? डिस्प्लेपोर्टवर मोकळी वेळ आखडती घेता येते. मग चित्र ४००० × २२२२ चे धरावे. गुणिले ६०, गुणिले प्रत्येक बिंदूचे २४ बिट, असे सुमारे १२.८ अब्ज. दोन वाटांत मावत नाही, चारांत सहज मावते.

तेव्हा जोडपेटी बाजूला ठेवली आणि यूएसबी-सी पासून डिस्प्लेपोर्टला थेट जाणारी साधी केबल तालुक्याच्या बाजारातून आणविली. ती लावल्यावर यादीत ६० दिसले, आणि माउसची परीक्षा घेण्याचा मान अर्थातच त्या मुलीला मिळाला. सातव्या दिवशी दुकानात कोणी गेले नाही.

केबलीविषयी आणखी थोडे. डिस्प्लेपोर्टमध्ये चित्र सुरू होण्याआधी दोन्ही टोके वाट तपासून घेतात. केबल कमकुवत निघाली तर वेग आपोआप उतरवितात. एचडीएमआय २.० मध्ये तशी चाचणी नाही. केबल कशी आहे हे लॅपटॉपला कळतच नाही, तो बिनदिक्कत पूर्ण वेगाने पाठवू लागतो. मग पडद्यावर चमचमते ठिपके येतात किंवा चित्र मधूनच क्षणभर नाहीसे होते. अशा वेळी आखूड आणि चांगल्या प्रतीची केबल लावून पाहावी.

एवढे झाल्यावर शिक्षकांची नवीनच तक्रार आली: अक्षरे मुंगीएवढी दिसतात! ही बिघाडाची खूण नव्हे. २७ इंची पडद्यावर ३८४० × २१६० बिंदू म्हणजे इंचाला १६३ बिंदू. नेहमीच्या २४ इंची, १९२० × १०८० च्या पडद्यावर ते ९२ असतात. तितक्याच बिंदूंचे अक्षर साहजिकच लहान दिसणार. माप कमी करू नका, डिस्प्लेच्या पानावर स्केल हा आकडा १५० किंवा २०० टक्के करा. अक्षर मोठे होते आणि त्याची कडा मात्र रेखीव राहते.

आता एक उदाहरण तुमच्यासाठी. २५६० × १४४० चा मॉनिटर आहे, मोकळी वेळ धरून चित्र २७२० × १४८१ चे होते आणि ते सेकंदाला ६० वेळा पाठवावयाचे आहे. ते आमच्या कपाटातील जोडपेटीच्या दोन वाटांतून जाईल का? आणि एचडीएमआय १.४ च्या खाचेतून?