सांगून जा लेकराला

आईबाबांनो,

अंगणवाडीच्या दारात रोज सकाळी एक प्रसंग घडतो. आई लेकराला आत सोडते आणि ताईंना डोळ्यांनी खुणावते. ताई लेकरापुढे ठोकळे मांडतात. त्याची नजर ठोकळ्यांवर गेली, की आई पाय न वाजवता निघून जाते. थोड्या वेळानं लेकरू मान वर करतं, तर दारात कुणीच नाही. पुढचं रडणं आपण सगळ्यांनी ऐकलंय.

आईच्या मनात काही वाईट नसतं. सांगून निघालं तर पोरगं पायाला मिठी मारेल, कामाला उशीर होईल, म्हणून ती तसं करते. माझी मुलगी लहान असताना मीही अशीच तिची नजर चुकवून घराबाहेर पडायचे. बालकल्याणाच्या कामात इतकी वर्षं काढल्यावर आज मला त्याचं वाईट वाटतं, म्हणून तुमच्याशी हे बोलते आहे.

तीन वर्षांच्या मुलाला घड्याळ कळत नाही. आपलं माणूस इथं होतं आणि आता नाही, एवढंच त्याला कळतं. नजर चुकवून गेलात की ते मनाशी शिकतं, मी खेळात रमलो की आई नाहीशी होते. मग ते दाराकडे बघत बघत खेळतं, धड रमत नाही. संध्याकाळी तुम्ही भाकरी थापताना पाठीला चिकटून बसतं, मोरीत गेलात तरी दाराशी उभं राहतं. आपण म्हणतो, लाडावलंय. लाडावलेलं नसतं ते. पुन्हा आई निसटू नये म्हणून राखणीला बसलेलं असतं.

बालपणाचा अभ्यास करणारे एरिक एरिक्सन यांनी १९५० साली मांडलं, की बाळापुढचा पहिला प्रश्न भरवशाचा असतो. भूक लागली की कुणी येतं का, घाबरलं की कुणी उचलून घेतं का, 'येते' म्हणालेली आई खरंच येते का? अंगणवाडीत आपण दर महिन्याला मुलाचं वजन करतो. या भरवशाला काटा नाही, पण पुढचं बोलणं, शिकणं, दोस्ती करणं याच पायावर उभं राहतं.

दिवाळी सरली की आपल्या देवळाली प्रवरा, राहुरी फॅक्टरीच्या शिवारात उसाला कोयता लागतो. पाथर्डी, शेवगाव, बीडकडच्या ऊसतोड कुटुंबांच्या कोप्या उभ्या राहतात. नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात. काही लेकरं सोबत येतात, फडाच्या कडेला झोपतात. काही गावी आजीपाशी राहतात. आया सांगतात, गाडी निघाली तेव्हा पोरगं झोपेत होतं, उठवलं असतं तर आमचाच पाय निघाला नसता. त्यांना दोष कसा देऊ? पोटासाठी निघालेली माणसं ती. पण महिन्याभरानं आजी फोनवर म्हणते, "आता रडत नाही, रुळलंय," तेव्हा मला काळजी वाटते.

रडणं थांबलं म्हणजे लेकरू रुळलंच असं नाही. इंग्लंडमध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली एक चित्रपट केला. शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस दवाखान्यात राहिलेली दोन वर्षांची मुलगी त्यात दिसते. त्या काळी तिथं आईला मुलाजवळ राहू देत नसत, आणि शांत पडलेलं मूल रुळलं असंच सगळे समजत. अशा अनेक मुलांना जवळून पाहून रॉबर्टसन यांनी सांगितलं, की मूल आधी आकांत करतं, मग खचून गप्प होतं, आणि फार दिवस लोटले तर आई आल्यावरही तिच्याकडे वळत नाही. पुढे १९५९ मध्ये तिथल्या सरकारी समितीनंच शिफारस केली, की आईबापांना मुलाला कधीही भेटू द्यावं.

म्हणून हंगाम आटोपून आल्यावर लेकरू आजीच्या पदराआड गेलं, तर ते तुम्हाला विसरलं असं समजू नका. जे माणूस पुन्हा जाणार, त्याच्यावर जीव टाकायला ते भितं. त्याच्या गतीनं जवळ येऊ द्या.

लेकराला आपल्या माणसांपासून तोडू नये, ही समज बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांच्या कामात दिसते. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे सहकारी अनुताई वाघांसह ते काम कोसबाडला नेलं. लेकराला घरापासून तोडण्याऐवजी त्यांनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडी या शब्दातलं अंगण ते आहे, जिथून आपलं घर दिसतं.

मग करायचं काय? निघताना लेकरासमोर खाली बसा. डोळ्यांत बघून सांगा, "मी कामाला जाते. तुझी गाणी झाली, खिचडी खाऊन झाली, की मी येते." वेळ घड्याळातली नको, त्याच्या दिवसातली सांगा. निरोप घेतला की घुटमळू नका. रडेल. ताईंच्या कडेवर रडू द्या. आणि सांगितल्या वेळी दारात उभे राहा. हे जमलं नाही, तर सांगून जाण्यालाही अर्थ उरणार नाही.

चार-पाच महिन्यांसाठी जाणार असाल, तर तुमची जुनी साडी, सदरा त्याच्या उशाशी ठेवा. फोनची वेळ ठरवा आणि पाळा. आजींनो, पोर रडेल म्हणून आईचं नाव काढायचं टाळू नका. तिच्याविषयी बोलत राहा.

घरात कुणी वारलं असेल, तरीही खरंच सांगा. "बाबा गावाला गेलेत" म्हटलं की लेकरू प्रत्येक एसटीकडे बघत बसतं. "बाबा वारले, ते परत येणार नाहीत, मी तुझ्याजवळ आहे," एवढे शब्द त्याला पेलतात. अशा घरांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. मूल संस्थेत न जाता आपल्या माणसांत वाढावं, म्हणून महिन्याला २,२५० रुपये मिळतात. अंगणवाडीताईंना विचारा. मूल अडचणीत असेल तर १०९८ वर फोन करा.

उद्या सकाळी तुम्ही सांगून निघाल, तेव्हा ते कदाचित कालच्यापेक्षा जास्त रडेल. घाबरू नका. काल ते रिकाम्या दारापुढे रडलं होतं, उद्या तुमच्यापुढे रडेल. दुपारी तुम्ही कबूल केल्याप्रमाणे आलात, असं रोज घडत गेलं, की एके दिवशी तुम्ही न्यायला याल आणि ते मान वर करून बघणारही नाही. ठोकळ्यांचं घर रचण्यात गुंतलेलं असेल. वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही येणार, हे त्याला ठाऊक झालेलं असेल.