फुकट खोलीचे गणित

संभाव्यताशास्त्राचा तास सुरू करताना मी नेहमी नाणे आणि फासा घेऊन उभा राहतो, आणि मागच्या बाकावरची मुले नेहमी जांभया देतात. त्यात त्यांचा दोष नाही. नाणे उडवून कोणाचे काही जात नाही. म्हणून यंदाच्या अंकासाठी संपादकांनी लेख मागितला तेव्हा ज्यात खरोखरच काही जाते अशा खेळाचे उदाहरण घ्यावे, असे ठरविले. उदाहरण माझ्या घरातलेच आहे. ज्याचे आहे त्याची परवानगी घेऊन, नाव न देता ते येथे मांडतो.

माझा भाचा उद्यमबागेतील एका कारखान्यात नोकरीला आहे. मित्रांबरोबर चोर्ला घाटातून तो पणजीला गेला आणि मांडवीतल्या एका कॅसिनो बोटीवर चढला, तो निव्वळ गंमत म्हणून. पुढे त्याच्या फेऱ्या वाढल्या. घरात कोणी हटकले की उत्तर ठरलेले असे, "मामा, खोली फुकट, जेवण फुकट, नाचगाणं फुकट. मग तोटा कसला?" अक्काच्या, म्हणजे त्याच्या आईच्या, चार पाटल्या गहाण पडल्याचे जेव्हा उघडकीस आले, तेव्हा तोटा कसला हे शोधण्याचे काम माझ्याकडे आले. (आपल्या कन्नड विभागातील मित्र 'फुकट'ला 'पुक्कटे' म्हणतात. शब्द कोणी कोणाकडून घेतला ते भाषेच्या प्राध्यापकांनी ठरवावे; या व्यवहारात तो दोन्ही भाषांत सारखाच महाग पडतो.)

शिकवायचे तर आधी पाहावे, म्हणून एका शनिवारी मी त्याच्याबरोबर गेलो. आपल्या खानापूर तालुक्यातल्या रानात उगम पावणारी म्हादई पणजीपाशी मांडवी म्हणून समुद्राला मिळते, आणि तिथेच या बोटी दिव्यांच्या माळा लावून उभ्या असतात. धक्क्यावरून लहान होडीने तिथवर नेतात. प्रवेशासाठी जे पैसे घेतात त्यातच जेवण, पेये, नाचगाण्याचा कार्यक्रम आणि थोड्या चिप्स येतात. मात्र या चिप्स एकदा खेळण्यापुरत्याच असतात, त्या देऊन रोख रक्कम मिळत नाही. म्हणजे 'फुकट'चा पहिला हप्ता आपण दारातच भरलेला असतो. आत घड्याळ कुठे दिसले नाही. मी मनगटावरचे पाहत होतो, तर भाचा म्हणाला, "मामा, इथं कोण घड्याळ बघत नाही."

कायद्याची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. गोव्यात जुगारविरोधी कायदा १९७६चा. १९९२च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील खेळांना आणि १९९६च्या दुरुस्तीने बोटींवरील टेबलांच्या खेळांना वाट मिळाली. एकवीस वर्षांखालील व्यक्तीस प्रवेश नाही, हे पदवी वर्गातील वाचकांनी लक्षात ठेवावे. २०२० पासून खुद्द गोमंतकीयांनाही खेळण्यासाठी प्रवेश बंद आहे. तेव्हा ही टेबले कोणासाठी मांडलेली आहेत, ते घाटावरच्या आपण ओळखावे.

आता गणित. रुलेटच्या चाकावर १ ते ३६ आकडे असतात, अठरा लाल आणि अठरा काळे, शिवाय हिरवे शून्य. लालवर शंभर रुपये लावले आणि लाल आले, तर शंभर मिळतात; न आल्यास शंभर जातात. शून्य नसते तर हा खेळ नाणेफेकीसारखा समसमान झाला असता. पण एकूण घरे ३७, त्यांत लाल १८ आणि लाल नसलेली १९. म्हणून शंभर रुपयांमागे सरासरी १००/३७, म्हणजे २ रुपये ७० पैसे, टेबलाच्या मालकाकडे राहतात. एकाच आकड्यावर लावले तर एकास पस्तीस भाव मिळतो, आणि हिशेब केला तर तेच २.७० येतात. आपल्याकडे पत्त्यांच्या अड्ड्यावर जागेचा मालक डावातून जी रक्कम काढून घेतो तिला 'नाल' म्हणतात. तोच शब्द मी येथे वापरतो. फरक इतकाच, की अड्ड्यावरची नाल डोळ्यांदेखत काढली जाते आणि रुलेटमधली भावातच मुरलेली असते. चाकावर दोन शून्ये असली तर नाल ५.२६ टक्के होते. लास व्हेगासमध्ये दोन शून्यांचे चाक सर्रास आढळते, आणि अलीकडे काही ठिकाणी तीन शून्यांचेही आले आहे, त्यात ती ७.६९ पर्यंत जाते.

वर्गात हे सांगितले तेव्हा एका चाणाक्ष विद्यार्थ्याने विचारले, "सर, मग मटक्यापेक्षा हे बरेच की." प्रश्न बिनतोड आहे. मटक्यात दहा आकड्यांपैकी एक लागला तर रुपयाला नऊ रुपये, हा नेहमीचा भाव. म्हणजे नाल दहा टक्के! त्या मानाने पावणेतीन टक्के म्हणजे धर्मादायच वाटावा. पण मटक्याचा आकडा दिवसातून मोजक्याच वेळा फुटतो. रुलेटचे चाक तासाला चाळीस वेळा सहज फिरते. नाल किती टक्के, यापेक्षा ती तासाला किती वेळा कापली जाते हे पाहिले पाहिजे, आणि नेमके हेच माझ्या भाच्याच्या लक्षात आले नव्हते.

समजा, एकाने खिशात दहा हजार नेले. दर फेरीला पाचशे रुपये लावून तो पाच तास बसला. दोनशे फेऱ्या झाल्या. खिशात दहाच हजार असले, तरी तेच पैसे जाऊन-येऊन टेबलावर एकूण एक लाख रुपये लागले. नाल त्या एक लाखावर कापली जाते, दहा हजारांवर नव्हे. एका शून्याच्या चाकावर २,७०३ रुपये आणि दोन शून्यांच्या चाकावर ५,२६३ रुपये हा त्याचा अपेक्षित तोटा.

याच आकड्यातून फुकट खोली जन्माला येते. अमेरिकेत नेवाडा राज्याने १९३१ साली जुगार कायदेशीर केला, आणि पुढे लास व्हेगासमध्ये पाहुणचाराचे जणू शास्त्रच तयार झाले. तिथे या पाहुणचाराला 'कॉम्प' म्हणतात. टेबलामागे उभा असलेला पर्यवेक्षक कोण सरासरी किती लावतो आणि किती वेळ बसतो याची नोंद ठेवतो. यंत्रावर खेळणाऱ्याचे कार्ड ही नोंद आपोआप करते. मग सरासरी लावलेली रक्कम, तासातील फेऱ्या, तास आणि नाल यांचा गुणाकार होतो. हा झाला त्या गिऱ्हाइकाचा अपेक्षित तोटा. त्याचा काही भाग, समजा तीस टक्के, त्याला खोली, जेवण, कार्यक्रमाचे तिकीट या रूपाने परत दिला जातो. वरच्या उदाहरणात एका शून्याच्या चाकावर ८११ रुपयांचा पाहुणचार झाला. त्या रात्री तो माणूस प्रत्यक्षात जिंकला की हरला, याच्याशी या हिशेबाचा मूळ संबंध नाही. म्हणजे खोली त्याच्याच पैशांतून येते, फक्त ती वस्तूच्या रूपात आणि उपकाराच्या भाषेत मिळते. शिवाय पुढच्या खेपेस मोठी खोली हवी, तर रक्कम आणि तास वाढवावे लागतात. ८११ची खोली १,६०० ची व्हावी म्हणून गिऱ्हाईक आणखी २,७०० रुपयांचा तोटा आनंदाने पत्करते!

कमी नाल घेऊन जास्त कमावण्याची ही युक्ती जुनी आहे. १८४३ साली जर्मनीतील होम्बुर्ग येथे ब्लांक बंधूंनी चाकावरचे दुसरे शून्य काढून टाकले. नाल निम्मी झाली, खेळणारे तिकडे लोटले, आणि पुढे याच फ्रान्स्वा ब्लांकने माँटे कार्लोची भरभराट केली. खेळणारा जितका रमेल, तितके चाकाचे काम सोपे.

येथे हुशार वाचक म्हणेल, इतका सरळ तोटा असेल तर लोक परत का जातात? याचे उत्तर प्रमाण विचलनात आहे. पाचशेच्या दोनशे फेऱ्यांत अपेक्षित तोटा २,७०३. पण प्रमाण विचलन मात्र सुमारे ७,०७०. म्हणजे एका रात्रीचा निकाल सरासरीच्या दोन्ही बाजूंना फार दूरवर हेलकावतो, आणि साधारण तीन रात्रींत एक रात्र माणूस खरोखर जिंकून उठतो. ती रात्र तो जन्मभर सांगतो. आता अशा चाळीस रात्री एकत्र करा. फेऱ्या आठ हजार, अपेक्षित तोटा १,०८,१०८, प्रमाण विचलन सुमारे ४४,७००. तोटा चाळीस पटींनी वाढला, हेलकावा मात्र चाळीसच्या वर्गमुळाने, म्हणजे सव्वासहा पटींनी. चाळीस रात्रींनंतर फायद्यात असण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी उरते. वर्गात 'मोठ्या संख्यांचा नियम' शिकवताना ज्यांचे लक्ष खिडकीबाहेर असते, त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

भाच्याकडे एक 'हमखास' पद्धतही होती: हरलो की दुप्पट लावायचे. शंभर, दोनशे, चारशे, आठशे. केव्हातरी लाल येणारच आणि शंभर रुपये पदरात पडणारच. पण आठ वेळा ओळीने हरले, तर २५,५०० रुपये गेलेले असतात आणि नववी रक्कम २५,६०० लागते. तितके खिशात नसतात, किंवा टेबलाची कमाल मर्यादा आड येते. आठ वेळा ओळीने हरण्याचा प्रसंग साधारण २०७ वेळांत एकदा येतो, म्हणजे २०६ वेळा शंभर-शंभर मिळवून एकदा साडेपंचवीस हजार घालवायचे. माँटे कार्लो येथे १९१३ साली काळा रंग ओळीने २६ वेळा आला. आता लाल येणारच, म्हणून लोक लालवर वाढवून लावत गेले आणि धुऊन निघाले. चाकाला मागची फेरी आठवत नाही.

बुद्धीला वाव देणारा खेळ एकच, ब्लॅकजॅक. १९५६ साली चार अमेरिकन गणित्यांनी हिशेबाच्या साध्या यंत्रांवर त्याची उत्तम खेळी शोधून काढली. पाठोपाठ १९६२ साली गणिताचे प्राध्यापक एडवर्ड थॉर्प यांनी वाटलेली पाने लक्षात ठेवून टेबलावर मात करण्याची रीत पुस्तकरूपाने मांडली. ठरलेल्या तक्त्याप्रमाणे खेळल्यास, चांगले नियम असलेल्या टेबलावर नाल अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते. मात्र तो तक्ता पाठ करायला जो अभ्यास लागतो, तो करणारा विद्यार्थी मला आमच्या विषयात अधिक आवडेल. आपल्याकडेही महाभारतातल्या नळाला ऋतुपर्णाकडून अक्षविद्या मिळाली, ती बेहड्याच्या झाडावरची पाने नि फळे अंदाजाने मोजून दाखवण्याच्या प्रसंगातून. द्यूत आणि मोजणी यांचे नाते आपल्या पूर्वजांनीही ओळखले होते.

मी उपदेशक नाही. कोणी सहलीला म्हणून जाणारच असेल, तर त्याने नाटकाच्या तिकिटासारखी एक रक्कम घरीच ठरवावी, परतीचे बसभाडे वेगळ्या खिशात ठेवावे आणि कार्ड व मोबाईल जोडीदाराच्या हवाली करावेत. जेवण आणि कार्यक्रम आधी उरकावा, कारण त्यांचे पैसे भरलेलेच आहेत. चाकापाशी उभे राहून शून्ये मोजावीत. गर्दीचे टेबल निवडावे, तिथे फेऱ्या सावकाश होतात, आणि सावकाश फेरी म्हणजे कमी नाल. बाकारात 'बरोबरी'वर लावू नये. बँकर-प्लेअरवर नाल एक-सव्वा टक्का असते, बरोबरीवर चौदा टक्क्यांवर जाते. पेला हाती आला की पुढची फेरी टाळावी. फुकट दारूने फेऱ्या वाढतात, हे मी स्वतः दोन तास कागदावर नोंदून पाहिले. (भाचा त्या कागदामुळे फार ओशाळला होता. डीलरने मात्र मला, "सर, सिस्टिम शोधताय का?" असे अदबीने विचारले.)

परत आल्यावर आम्ही दोघांनी बँकेची उतारपत्रे घेऊन हिशेब मांडला. चौदा महिन्यांत अकरा खेपा. गेले ३,८६,००० रुपये, परत आले १,६२,०००. तोटा २,२४,०००. फुकट मिळालेल्या खोल्या, जेवणे, कार्यक्रम यांची किंमत त्याने स्वतःच सढळ हाताने लावली ती ७०,०००, म्हणजे तोट्याच्या एकतीस टक्के. माझ्या तीस टक्क्यांच्या इतके जवळ येणे हा योगायोगही असेल. एका माणसाच्या हिशेबावरून नियम सिद्ध होत नाही, हे मी त्यालाही सांगितले. त्याने फक्त विचारले, "म्हणजे एक रात्र मला किती रुपयांना पडली?" अकरा खेपांत नऊ रात्री मुक्काम झाला होता. भागाकार त्यानेच केला: सुमारे पंचवीस हजार.

गेल्या महिन्यात त्याच्या वाढदिवशी मोबाईलवर निरोप आला. दोन रात्री फुकट, जेवणासह. तो फोन घेऊन माझ्याकडे आला, कागद मागितला आणि माझ्यासमोर बसून गुणाकार करू लागला. तासातील फेऱ्या चाळीस धराव्यात की पन्नास, एवढेच त्याने मला विचारले. दोन पाटल्या सुटल्या आहेत, दोन अजून पेढीत आहेत.