टाइमआऊट झाला, पण थांबलं कोण?

‘टाइमआऊट दिलाय’ असं कोणी छातीठोकपणे सांगितलं, की मी आता एकच विचारते : त्याने नेमकं काय थांबतं? हा प्रश्न मी एका प्रोजेक्टमध्येही विचारला होता, मेलवर आणि वेळेत. आमच्या आर्किटेक्टांचं उत्तर आलं, “अगं, रिझल्टला ६०० सेकंद दिलेत ना, मग कसली काळजी?”

काम होतं गाड्यांच्या फेऱ्या ठरवण्याचं. चांगल्या फेऱ्यांच्या शोधाचा कोड माझा, तो चालवणारा सांगाडा त्यांचा. पायथनचा थ्रेडपूल एक्झिक्युटर, ‘विथ’ ब्लॉक आणि रिझल्टला टाइमआऊट. १० मिनिटांत उत्तर आलं नाही, तर कालचंच वेळापत्रक पाठवायचं. कागदावर सगळं चोख.

एके सकाळी ग्राहकाचा फोन आला, वेळापत्रक आलंच नाही, ड्रायव्हर गेटवर खोळंबलेत. लॉग उघडला. रात्री २ वाजून १० मिनिटांनी ‘वेळ संपली, कालचं वेळापत्रक घेतो’ अशी ओळ होती. त्यापुढे काहीच नाही. ‘टॉप’ लावून पाहिलं, तर तीच पायथनची प्रोसेस १०० टक्के सीपीयू खात सुरू. स्क्रीनकडे बघताना लक्षात आलं, की वेळ संपली ती फक्त वाट पाहण्याची. हिशेब तसाच चाललाय. आणि ‘विथ’ ब्लॉकमधून बाहेर पडताना एक्झिक्युटर सगळे थ्रेड संपेपर्यंत थांबतो, म्हणून प्रोग्राम त्या दारातच अडकून पडलाय. फ्युचरवर कॅन्सल बोलावून पाहिलं. सुरू झालेल्या कामाला ते ‘फॉल्स’ सांगून मोकळं होतं. ‘विथ’ काढलं तरी सुटका नाही, कारण बंद होताना पायथन त्या थ्रेडची वाट बघतंच.

हे मी बैठकीत मांडलं. उत्तर मिळालं, “सर्च स्लो आहे, तो नीट लिहा.” ग्राहकाला मोठं मशीन घ्यायला लावलं. मोठ्या मशीनवरही तेच झालं, कारण एक थ्रेड एकच कोअर वापरत होता. ग्राहकाला गेलेल्या मेलमध्ये मात्र दोष ‘शोधाच्या कोडचा’ लिहिला होता. ते अजून सलतं.

म्हणून हे लिहिते आहे. थ्रेडला बाहेरून मारण्याची सोय पायथनमध्ये नाही, आणि ती नाही यामागे कारण आहे. जावात अशी सोय होती. थ्रेड मध्येच तोडला की त्याची कुलुपं सुटतात आणि अर्धवट बदललेला डेटा इतरांच्या हाती पडतो. म्हणून १९९८च्या जेडीके १.२पासूनच ती वापरू नका असं सांगितलं गेलं, आणि २०२३च्या जावा २०मध्ये ती बोलावली की थेट एक्सेप्शन येतं.

कोड तुमचा असेल, तर लूपच्या आत मुदत तपासा. दर हजार फेऱ्यांनी ‘टाइम.मोनोटॉनिक’ बघा आणि आतापर्यंतचं सर्वांत चांगलं उत्तर परत करा. साधं ‘टाइम.टाइम’ नको, घड्याळ मागेपुढे झालं तर मुदत बिघडते. ओआर-टूल्सच्या सीपी-सॅटसारखा सॉल्व्हर असेल, तर त्याची स्वतःची वेळमर्यादा वापरा. पण उत्तर ‘ऑप्टिमल’ आहे की नुसतं ‘फीजिबल’, हे वाचल्याशिवाय पुढे पाठवू नका.

कोड दुसऱ्याचा असेल, तर वेगळी प्रोसेस. ६०० सेकंद जॉइन, तरी जिवंत असेल तर टर्मिनेट, आणखी ५ सेकंद जॉइन, मग किल. निकाल क्यूमधून घेत असाल तर इथे एक खड्डा आहे : क्यू रिकामी न करता जॉइन केलंत तर दोघे एकमेकांची वाट पाहत बसतात, आणि क्यू वापरत असतानाच प्रोसेस मारली तर क्यूच खराब होऊ शकते. मी निकाल तात्पुरत्या फाइलमध्ये लिहून शेवटी तिचं नाव बदलते. नुसता प्रोसेसपूल घेऊन भागत नाही, तिथेही टाइमआऊट वाट पाहण्यालाच लागतो. एसिंकआयओच्या ‘वेट_फॉर’चा तर आधारच धरू नका, लूपमध्ये कुठे ‘अवेट’च नसेल तर त्याला जागं व्हायची संधीच मिळत नाही. ‘सिगअलार्म’ विंडोजवर नाही, पायथनमध्ये त्याचा हँडलर फक्त मुख्य थ्रेडमध्येच लावता येतो, आणि सी लायब्ररीतला लांबलचक कॉल परतेपर्यंत तो हँडलर चालतही नाही.

लॉग नीट ठेवा, शंका लेखी कळवा, हेही सांगते. माझा जुना मेल होता म्हणूनच शेवटी सांगाडा बदलला गेला, जरी रिलीज नोटमध्ये त्याला ‘परफॉर्मन्स सुधारणा’ म्हटलं गेलं.

आणि चाचणी करा. कामाच्या जागी कधीच न संपणारा लूप टाका, मुदत २ सेकंद ठेवा, आणि ती उलटल्यावर दुसऱ्या टर्मिनलवरून ‘पीएस’ने बघा, प्रोसेस खरंच गेली का. तिने दुसरे प्रोग्राम सुरू केले असतील तर तेही शोधा. आईला मारलं तरी मुलं मागे चालू राहतात. या सगळ्याला पाच मिनिटंही लागत नाहीत. ही चाचणी मी सुरुवातीलाच मागितली होती, तेव्हा ‘डेडलाइन जवळ आहे’ म्हणून ती यादीतून काढली गेली.