राग माझा, जबाबदारीही माझीच

शास्त्रवाचन : उत्पत्ती ४:१-१२, १ शमुवेल २५

आपल्या बेळगाव-निपाणी भागात शेताच्या बांधावरून, पाण्याच्या पाळीवरून, कधी भाषेच्या वादावरूनही माणसे हातघाईवर येतात. मग आपण म्हणतो, "त्याने डिवचले, म्हणून हात उठला." हे उत्तर देवापुढे टिकेल काय?

हाबेलाचा खून होण्यापूर्वीच देवाने काइनाचा राग ओळखला व त्याला सावध केले. पाप दाराशी आले होते, पण त्याला आवरणे काइनाच्या हाती होते. राग येणे आणि गुन्हा घडणे यांच्यामध्ये थोडी जागा असते. आपली जबाबदारी तेथेच सुरू होते.

देशाचा कायदाही ही जागा पाहतो. गंभीर व अचानक प्रक्षोभामुळे ताबा सुटून मनुष्यवध झाला, तर शिक्षा सौम्य होऊ शकते. माणूस निर्दोष मात्र ठरत नाही. १९५९ साली मुंबईत नौदल अधिकारी कावस नाणावटी यांनी पत्नीशी संबंध ठेवणाऱ्या माणसाला गोळ्या घातल्या. पत्नीची कबुली ऐकल्यावर त्यांनी कुटुंबाला चित्रपटगृहात सोडले, जहाजावरून रिव्हॉल्व्हर घेतले आणि मग ते त्याच्या घरी गेले. मध्ये सुमारे तीन तास गेले होते. मन सावरण्यास तेवढा वेळ पुरेसा होता, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली जन्मठेप कायम केली.

दावीदही चारशे माणसे घेऊन नाबालावर निघाला होता. अबीगईल वाटेत आडवी आली, नम्रतेने बोलली. दावीद थांबला, आणि तिला पाठविल्याबद्दल त्याने देवाचा धन्यवाद केला. थांबण्यात त्याला कमीपणा वाटला नाही.

प्रत्येक राग चुकीचा नसतो. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी निपाणीजवळ महामार्गावर तीन आठवडे ठाण मांडून बसले. संताप मोठा होता, पण त्यांनी त्याला सत्याग्रहाचे वळण दिले. शेवटी ६ एप्रिल रोजी गोळीबारात शेतकऱ्यांचेच बळी गेले. संयमाचे फळ लगेच मिळतेच असे नाही. तरी तोच मार्ग खरा.

म्हणून राग चढताच हातातले अवजार खाली ठेवू या, ती जागा सोडू या, दारूपासून दूर राहू या. विश्वासू माणसाजवळ किंवा पाळकांजवळ मन मोकळे करू या. सूर्य मावळण्यापूर्वी राग सोडावा, ही इफिसकरांस पत्रातील (४:२६) शिकवण आहे.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी मुलांना विचारावे : काइन कोठे थांबू शकला असता? उत्तर मुलांनाच शोधू द्यावे. आणि आपण मोठ्यांनी स्वतःला विचारावे : आपल्या वाटेत आडवी येणारी अबीगईल कोण, आणि आपण तिचे ऐकतो काय?